आपले प्रश्न : गाठ निघाली, तोल कधी येणार?

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे. दोन महिन्यांपूर्वी उजव्या कानाच्या नसेवरील गाठ (अकूस्टिक न्यूरोमा) शस्त्रक्रियेने काढली. गाठ कर्करोगाची नव्हती. त्या कानाने आता ऐकू येत नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत मान वळवली की सगळे हलू लागते. रात्री उठले की भिंत धरावी लागते. घरचे म्हणतात, चक्करीची गोळी घे आणि पडून राहा. तोल आपोआप सावरेल का? पर्वती चढणे, स्कूटर चालवणे जमेल का?
– एक वाचक भगिनी, सदाशिव पेठ

उत्तर : घरच्यांची काळजी रास्त आहे, सल्ला मात्र उलटा आहे. ही गाठ ऐकण्याच्या नसेच्या नावाने ओळखली जात असली, तरी ती बहुधा शेजारच्या तोलाच्या नसेवर वाढते आणि गाठीबरोबर ती नसही सहसा कापावी लागते. ती पुन्हा जुळत नाही. उरलेला एक कान, डोळे आणि तळपायांची जाणीव यांच्यावर मेंदूलाच नव्याने मेळ बसवावा लागतो, आणि तो हालचालीत चुकत चुकतच शिकतो. म्हणून थोडी चक्कर येऊ देणे हा उपचाराचाच भाग आहे. सुरुवातीच्या दिवसांत उपयोगी पडणाऱ्या गोळ्या लांबल्या, तर हे शिकणेही लांबते. त्या कशा बंद कराव्यात हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर हातभर अंतरावर बसा, एका तारखेवर नजर रोखा आणि ‘नाही’ म्हणताना हलवतो तशी मान मिनिटभर हलवा. आकडा पुसट होऊ लागला की वेग किंचित कमी करा. पुढे हेच उभे राहून, मग चालताना करावयाचे असते. व्यायामाने वाढलेली चक्कर थोड्या विश्रांतीने ओसरली पाहिजे. तासभर रेंगाळली, तर त्या दिवशी जास्त झाले असे समजावे. कॉथॉर्न आणि कूक्सी या डॉक्टरांनी इंग्लंडमध्ये १९४०च्या दशकात बसवलेले व्यायाम आजही छापील कागदावर हातात पडतात, पण कागदापेक्षा तोलाच्या उपचारांचा अनुभव असलेला फिजिओथेरपिस्ट बरा, कारण तुमचे नेमके कुठे अडते हे तो पाहू शकतो.

अंधारात डोळ्यांचा आधार जातो, म्हणून रात्री दिवा लावून ठेवा. तोंडाला साबण लावताना डोळे मिटतात, तेव्हाही तोल जातो. आंघोळ स्टुलावर बसून करावी. नाकातून पाण्यासारखा स्राव, ताप किंवा मान आखडणे यांपैकी काहीही दिसले, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

पर्वतीआधी सारसबागेतल्या सपाट वाटेवर, दोन्ही बाजूंना पाहत, सोबत घेऊन चाला. पर्वतीवर चढण्यापेक्षा उतरणे कठीण जाईल. स्कूटरची घाई मात्र नको. झटकन मागे वळून पाहिल्यावर नजर स्थिर राहिली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी एका कानाने हॉर्न नेमका कुठून आला हे कळत नाही, त्यामुळे दोन्ही आरशांवरच भिस्त ठेवावी लागेल.