गाणं रक्तातून येतं का? मिरज आणि सांगलीची दोन घरं

तुम्ही विचारलंय, मंगेशकर भावंडं आणि किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलं, दोन्ही घरांत सगळेच गाणारे, मग गाणं रक्तातूनच येतं का? आणि वडिलांचं गाणं जास्त कोणी राखलं?

मी मिरजेत वाढले, त्यामुळे ही दोन्ही घरं मला शेजारची वाटतात. खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. मंगेशकर भावंडांचे वडील दीनानाथ, त्यांचा संसार सांगलीत होता, आशाताईंचा जन्म तिथलाच, १९३३चा. मधे जेमतेम दहा-अकरा किलोमीटर. पण गाणी ऐकलीत तर ही दोन टोकं वाटतील.

लहानपणी तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानात मी तासन् तास बसायचे. कारागीर जव्हारी लावायचा, म्हणजे घोडीवर तारेखाली सुती दोरा ठेवून तो केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवायचा. तोवर तार नुसतीच वाजत असते. मग एका जागी दोरा बसतो आणि खर्जातून दुसरेच सूर उमलायला लागतात, खोली भरून जाते. खाँसाहेबांचा षड्ज, म्हणजे 'सा', मला नेहमी त्या क्षणासारखा वाटतो. ते स्वतः वाद्यं दुरुस्त करण्यात तरबेज होते आणि सांगलीच्या देवलांच्या श्रुतींच्या, म्हणजे सुरांमधल्या बारीक अंतरांच्या, अभ्यासात त्यांनी गाऊन भाग घेतला होता. 'पिया बिन नाही आवत चैन' ही झिंझोटी रागातली ठुमरी ऐका. घाई कुठेच नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर ते असे जातात की मधली वाटही ऐकू येते.

आता लगेच दीनानाथांचं 'शूरा मी वंदिले' लावा. पुढचा सूर कुठे लागणार याचा अंदाज बांधता येत नाही. शब्द पुरता होतो न होतो तोच आवाज वर झेपावतो, वळतो, विजेसारखा खाली येतो. पद 'मानापमान'मधलं आहे. त्याच नाटकातलं 'चंद्रिका ही जणू' खाँसाहेबांनीही रेकॉर्ड केलं, तेही मराठीत! उत्तरेतल्या कैराण्याचा माणूस मराठी नाट्यपद गातो आणि त्याचा शांत, लांबलचक सूर त्या पदाला वेगळंच करून टाकतो. दोन्ही रेकॉर्ड एकापाठोपाठ ऐकल्या की तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं, कारण वारसा म्हणजे नेमकं काय वाट्याला येणार होतं ते कळतं.

आता मुलांकडे येते. दोन्ही घरांत वडील लवकर दुरावले, आणि माझ्या मते सगळं तिथे फिरतं. खाँसाहेबांच्या पत्नी ताराबाई माने १९२२च्या सुमारास मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचं नाव लावलं नाही. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर, सकीनाच्या सरस्वती राणे. इकडे सांगलीत दीनानाथांनी सिनेमा कंपनी काढली, ती बुडाली, कुटुंब पुण्याला आलं आणि २४ एप्रिल १९४२ला ते गेले. वय अवघं ४१. लतादीदी बारा वर्षांच्या, हृदयनाथ साडेचार वर्षांचे.

म्हणजे वडिलांपुढे बसून वर्षानुवर्षं तालीम घेणं बहुतेकांच्या नशिबी आलंच नाही. दीदी सांगायच्या की पाचेक वर्षांच्या असताना वडिलांच्या शिष्याचा पूरिया धनाश्री राग चुकतोय हे त्यांनी ओळखलं, त्याला गाऊन दाखवलं, आणि ते ऐकून दीनानाथांनी त्यांना शिकवायला घेतलं. तो कान घरातला, हे मान्य. पण पुढे त्या अमान अली खाँसाहेबांकडे शिकल्या, हृदयनाथ अमीर खाँसाहेबांकडे. तिकडे हिराबाईंचे गुरू अब्दुल वहीद खाँ, आणि धाकट्या सरस्वतीबाईंना घडवलं ते मुख्यतः सुरेशबाबूंनी. बाप गेला की मोठ्या भावंडानं घर खांद्यावर घ्यायचं, हे आपल्याकडे घरोघरी असतं. या दोन घरांत त्या खांद्यावर गाणंही होतं. सुरेशबाबूंबद्दल मी जरा जास्तच हळवी आहे. १९५३ला, पन्नाशीत गेले, फार थोडं ध्वनिमुद्रण मागे राहिलं, आणि तरी प्रभाताई अत्र्यांपर्यंत किती जण त्यांच्याकडे शिकले!

राखलं कोणी? हिराबाईंचं 'राधेकृष्ण बोल मुखसे' ऐका, वडिलांचा सूर ओळखू येतो, तोच संथपणा, फक्त घरातल्या बाईच्या मायेनं गायलेला. मंगेशकरांकडे गोष्ट गुंतागुंतीची आहे. दीदींच्या गळ्यात दीनानाथांचा धसमुसळा आवेग नाही, तिथे सगळं सावरलेलं, पारदर्शक. मला दीनानाथ सापडतात ते हृदयनाथांच्या चालींत. 'जिवलगा, राहिले दूर घर माझे' गुणगुणून बघा. आपण सहज म्हणू जातो आणि दुसऱ्याच ओळीला पकडले जातो, कारण सूर अपेक्षेच्या बाहेर पडतो. साडेचार वर्षांच्या पोराला बापाचं गाणं किती आठवत असेल? ते त्याच्यापर्यंत रेकॉर्डमधून, आईच्या आणि बहिणींच्या तोंडून आलं असणार. मला तरी हे रक्तापेक्षा ध्यास वाटतो, नीट न भेटलेल्या बापाला शोधण्याचा.

आणि रक्ताचाच प्रश्न असेल तर वसंतराव देशपांड्यांचं काय करायचं? दोन्ही घरांशी त्यांचं नातं नाही. सुरेशबाबूंकडे ते शिकले, अमान अलींकडेही शिकले, आणि दीनानाथांचं गाणं तर त्यांनी असं उरी धरलं की ती झेप नंतर मला सगळ्यात जास्त त्यांच्याच गळ्यात ऐकू येते. मिरजेचा सूर आणि सांगलीची वीज एकाच मैफलीत ऐकायची असेल तर मी वसंतराव लावते.

खाँसाहेब १९३७ला पाँडिचेरीच्या वाटेवर, सिंगपेरुमाळकोईलच्या छोट्या स्टेशनात गेले. देह मिरजेला आणला, मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केला. अजूनही उरुसात तिथे चिंचेच्या झाडाखाली गायक येऊन गातात. कधी जमलं तर या, रात्रभर बसू.