बहिणीच्या फ्रीजमधलं इंजेक्शन

ताई,

तुमच्या चार पानी पत्रात एकच प्रश्न फिरून फिरून येतो: २८ वर्षांच्या लेकीला मल्टिपल स्क्लेरोसिस का झाला, तुमचं काय चुकलं? आणि शेवटच्या पानावर जाता जाता एक ओळ: "पाहुणे बघायला येतात म्हणून इंजेक्शनं सदाशिव पेठेत बहिणीच्या फ्रीजमध्ये ठेवलीत, दिवाळीपासून घेतलेली नाहीत, पण आता ती छान आहे."

तुमचं काही चुकलेलं नाही. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरणच कुरतडते. एपस्टाइन-बार विषाणूचा यात मोठा हात आहे, हे २०२२मध्ये अमेरिकी सैनिकांच्या अभ्यासातून ठळक झालं. तो विषाणू बहुतेकांच्या अंगात असतो, आजार मोजक्यांनाच होतो. जनुकांची ठेवण, ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान यांचीही भर पडते. गरोदरपणी खाल्लेल्या पपईचा काडीचा संबंध नाही.

पण इंजेक्शनं? ती छान राहावी म्हणूनच तर होती! दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याला दिसेनासं झालं, तेव्हा सलाइनमधून दिलेल्या स्टिरॉइडने तो अटॅक ओसरला. पुढचे अटॅक टळावेत म्हणून हे नियमित औषध. आजार त्याने मुळातून जात नाही, अटॅक कमी होतात. त्या जोरावर कितीतरी जणी नोकरी, संसार, बाळंतपण सगळं निभावतात. वरून काही जाणवत नसतानाही एमआरआयमध्ये नवे डाग दिसू शकतात, आणि एकदा गेलेली ताकद दर वेळी पुरती परत येतेच असं नाही. पोहे खाऊन जाणाऱ्या माणसांसाठी तुम्ही हे थांबवलंत? मला तुमचा राग आलाय. लेक रोज एकटी हिंजवडीला जाते-येते, आणि तिचं यावर काय म्हणणं आहे, ते चार पानांत एकदाही नाही.

आज ती घरी आली की दोघी शेजारी बसून तिच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन करा. किती महिने चुकले ते खरं सांगा. पेठेतली इंजेक्शनं आणून परस्पर सुरू करू नका. इतक्या खंडानंतर कुठलं औषध, किती मात्रेने, आधी एमआरआय करायचा का, हे डॉक्टर ठरवतील. येणाऱ्या स्थळांना आजार सांगायचाच, आणि तो तिने सांगायचा. ऐकून उठून जाणाऱ्यांना जाऊ द्या.

मधल्या काळात नजर धूसर झाली किंवा पाय बधिर झाला, तर अपॉइंटमेंटच्या तारखेची वाट न बघता तिला त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा.