वाचकांचे प्रश्न : वजन किती वेगाने उतरवावे?

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे वजन घटवण्याविषयी आहेत आणि "किती दिवसांत किती किलो कमी करणे सुरक्षित?" हा प्रश्न त्यांत पुन्हापुन्हा विचारला गेला आहे. त्यांतील चार पत्रे, नावे न देता आणि थोडी संक्षिप्त करून, येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझे वय २६ वर्षे, उंची १५८ सेंटीमीटर आणि वजन ७४ किलो होते. नऊ आठवड्यांनी माझे लग्न आहे. आमच्या भागातील एका केंद्राने ४५ दिवसांत १५ किलो वजन कमी करून देण्याची हमी दिली असून सकाळी भाज्यांचा रस, दुपारी सूप आणि रात्री फळे एवढाच आहार सांगितला आहे. पहिल्याच आठवड्यात ३ किलो कमी झाल्यामुळे आईचा विरोधही मावळला. मात्र बसल्या जागेवरून उठताना मला चक्कर येते. हे चालू ठेवावे का? (मुलुंड)

उत्तर : चालू ठेवू नये. हा आहार आजच थांबवावा आणि चक्कर येते म्हणून रक्तदाब व हिमोग्लोबिन या दोन गोष्टी या आठवड्यातच तपासून घ्याव्यात.

पहिल्या आठवड्यातील ३ किलोंमुळे तुमचा आणि आईंचाही विश्वास बसला, तेव्हा आधी त्यांचाच हिशेब पाहू. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. पोळी आणि भात एकदम बंद केला की काही दिवसांतच हा साठा बराचसा रिकामा होतो, त्याबरोबरचे पाणी लघवीवाटे निघून जाते, जेवणातील मीठ घटल्याने आणखी थोडे पाणी जाते आणि आतडीही रिकामी राहतात. काट्यावर दिसलेली घट बहुतांशी ही आहे. लग्नघरात दोन दिवस नेहमीचे जेवण झाले की ती तितक्याच वेगाने भरून येईल. उठताना येणारी चक्कर हेही बहुधा याच पाण्याच्या आणि मिठाच्या घटीचे लक्षण आहे, पण रक्तक्षयाची शक्यता तपासल्याशिवाय सोडून देता येत नाही.

आता हमीचा हिशेब. एक किलो चरबी खर्ची पडण्यासाठी साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. म्हणजे १५ किलोंसाठी १,१५,५०० कॅलरी, आणि ४५ दिवसांत त्या वाटल्या तर रोज अडीच हजारांहून अधिक. तुमच्या वयाच्या आणि बांध्याच्या स्त्रीचे शरीर लोकलचा प्रवास व ऑफिसचे काम धरून दिवसाला सुमारे २,००० कॅलरी खर्च करते. याचा अर्थ असा की तुम्ही ४५ दिवस केवळ पाण्यावर राहिलात तरीही १५ किलो चरबी उतरणे शक्य नाही. काट्यावर तो आकडा दिसलाच, तर उरलेली भर पाण्याने आणि स्नायूंनी घातलेली असेल. स्नायूंचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असल्यामुळे ते झिजले की वजन झरझर खाली येते. पण दिवसभर कॅलरी खर्च करणारे आणि जिना चढवणारे स्नायू गेल्यानंतर पूर्वीइतकेच खाल्ले तरी चरबी अधिक साठते. रस, सूप आणि फळांच्या आहारात प्रथिने जवळजवळ नसतात, म्हणून ही झीज अटळ ठरते.

अशा आहाराचे आणखी दोन परिणाम तुम्हाला कोणी सांगितलेले दिसत नाहीत. जेवणात स्निग्ध पदार्थ आले की पित्ताशय आकुंचन पावते आणि त्यातील पित्त आतड्यात उतरते. स्निग्धांश जवळजवळ बंद झाले तर पित्त तसेच साचून राहते. त्यातच वेगाने वितळणाऱ्या चरबीतील कोलेस्टेरॉल पित्तात उतरते आणि खडे तयार होऊ लागतात. आठवड्याला दीड किलोहून अधिक वजन सतत उतरत राहिले की हा धोका स्पष्टपणे वाढतो आणि स्त्रियांमध्ये तो मुळातच अधिक असतो. दुसरा परिणाम केसांचा. उपासमारीचा ताण बसल्यावर केस लगेच गळत नाहीत. ते साधारण दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळू लागतात, म्हणजे तुमच्या बाबतीत नेमके लग्नाच्या सुमारास. पाळी पुढे-मागे होणे किंवा चुकणे हेही या काळात वारंवार पाहायला मिळते.

मग सुरक्षित वेग कोणता? हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आठवड्याला अर्धा किलो ही घट सुरक्षित मानली आहे आणि वजन घटवण्याचा आहारही दिवसाला १,००० कॅलरींपेक्षा कमी नसावा, असे म्हटले आहे. वजन बरेच जास्त असणाऱ्यांना सुरुवातीच्या काळात आठवड्याला एक किलोपर्यंतची घट सहसा मानवते. तुमच्यासाठी नऊ आठवड्यांत ४ ते ५ किलो हे लक्ष्य मी ठेवेन. ते तुम्हाला फार थोडे वाटेल याची मला कल्पना आहे, परंतु ते तुमच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून अधिक आहे, आणि रक्तदाब, साखर व रक्तातील चरबी यांवर चांगला परिणाम दिसू लागण्यासाठी साधारण एवढीच घट लागते. ती मुख्यतः चरबीची असली तर कमरेवर आणि दंडावर दिसतेही.

त्यासाठी घरचा डबा पुरेसा आहे. दिवसाला सुमारे १,५०० कॅलरींच्या आसपास राहा. दोन पोळ्या किंवा एक पोळी आणि वाटीभर भात, मोठी वाटी उसळ किंवा डाळ, भाजी, कोशिंबीर आणि दही असे दोन्ही वेळचे जेवण ठेवा. प्रथिने दिवसाला ६० ते ७० ग्रॅम मिळतील असे पाहा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम आणि वाटीभर घट्ट शिजलेल्या डाळीत ६-७ ग्रॅम प्रथिने असतात. तुमच्या घरी मासे चालत असतील तर रव्यात घोळवून तळण्याऐवजी कालवणातले बांगडे उत्तम. फोडणीचे तेल चमच्याने मोजून घाला, कारण लहान चमचाभर तेलातच ४५ कॅलरी असतात आणि बुधल्यातून अंदाजाने ओतले की त्याचे तीन-चार चमचे कधी होतात ते कळत नाही. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना वजन पेलायला लावणारा व्यायाम करा. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून दंड आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे एवढ्याने सुरुवात होते. ब्लाउजचे शेवटचे माप मात्र लग्नाच्या आठवडाभर आधीच द्या, म्हणजे शिंप्याकडे आधी दिलेल्या मापात बसण्यासाठी उपाशी राहण्याची वेळ येणार नाही.

प्रश्न : वय ५४, वजन ८८ किलो. चार वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. रोज ८०० कॅलरींच्या आहाराने दोन-तीन महिन्यांत मधुमेह परतवता येतो, असे एका व्याख्यानात ऐकले. आपण मात्र नेहमी सावकाश वजन कमी करण्यास सांगता. सोमवारपासून मी ८०० कॅलरींचा आहार सुरू करणार आहे. (लालबाग)

उत्तर : आपण ऐकलेली माहिती खरी आहे, आणि तरीही सोमवारपासून स्वतःच्या मनाने हा आहार सुरू करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ब्रिटनमधील "डायरेक्ट" या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत सहा वर्षांपर्यंतचा मधुमेह असलेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा, पोषकद्रव्ये मोजून तयार केलेला द्रव आहार दिला गेला. वर्षअखेर त्यांपैकी ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती आणि ज्यांचे वजन १५ किलो किंवा त्याहून अधिक उतरले होते त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. वेगाने उतरवलेले वजन हमखास अधिक परत येते, हा समजही तपासून पाहिला गेला आहे. मेलबर्न येथील २०१४ च्या एका अभ्यासात १२ आठवड्यांत वजन उतरवणारे आणि ३६ आठवड्यांत उतरवणारे अशा दोन्ही गटांमध्ये पुढील सुमारे तीन वर्षांत जवळपास सारखेच, म्हणजे गमावलेल्यापैकी ७१ टक्के, वजन परत आले. तेव्हा वेग हाच दोष, असे मी म्हणणार नाही.

परंतु "डायरेक्ट"मधील रुग्णांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आहार सुरू होण्याच्या दिवशीच थांबवण्यात आल्या होत्या आणि त्यांच्या तपासण्या नियमित होत होत्या. व्याख्यानात नेमका हा भाग बहुधा राहून जातो. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. अर्ध्याहून कमी आहारावर ती नेहमीसारखी घेतली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे आहेत. आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात करी रोडला गाडीत चढलेल्या माणसाला घाम फुटला तर तो स्वतः आणि शेजारचेही गर्दीलाच दोष देतील, हे आपणही जाणता. रक्तदाबही वजनाबरोबर उतरतो आणि गोळीचा जुना डोस जड होतो. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी गोळी चालू असेल तर फार कमी पिष्टमय आहारावर रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर धोका संभवतो, आणि तोही साखर फारशी वाढलेली नसताना.

इतिहासही विसरता येत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत द्रव प्रथिनांवर महिनोन्महिने राहून वजन घटवण्याची लाट आली होती. ती प्रथिने निकृष्ट होती, त्यांत आवश्यक क्षार पुरेसे नव्हते, आणि हृदयाचे ठोके बिघडून पन्नासहून अधिक माणसे दगावली. तेव्हापासून ८०० कॅलरींच्या आसपासचा आहार केवळ वैद्यकीय देखरेखीखालीच द्यावा, असा दंडक आहे.

म्हणून सोमवारी आपल्या डॉक्टरांकडे जा. मूत्रपिंडाचे कार्य, सोडियम-पोटॅशियम, यूरिक ॲसिड, हृदयाचा आलेख आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या आणि कोणती गोळी कधी थांबवायची वा कमी करायची हे त्यांच्याकडून लिहून घ्या. त्यांनी देखरेखीची तयारी दाखवली तर हा मार्ग आपल्याला अवश्य खुला आहे. तशी सोय नसेल तर आठवड्याला अर्धा-पाऊण किलोच्या वेगाने सात-आठ महिन्यांतही आपण १५ किलोंपर्यंत पोहोचू शकता, आणि त्या वाटेवरही साखर उतरत असल्याने गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून वेळोवेळी बदलून घ्यावा लागेल.

प्रश्न : वय ४८. सहा महिन्यांत ६७ किलोंवरून ६१ किलोंवर आले. गेले पाच आठवडे काटा हलत नाही. जेवण आणखी कमी करू का? (गिरगाव)

उत्तर : करू नका. ६१ किलोंच्या शरीराला ६७ किलोंच्या शरीरापेक्षा कमी कॅलरी लागतात, त्यामुळे सुरुवातीला तूट ठरणारे जेवण आता जेमतेम बरोबरीचे झाले आहे. शिवाय या वयात पाळीच्या अनियमिततेमुळे शरीरात पाणी साचून आठवडा-दोन आठवडे वजन अडून राहू शकते. तुम्ही फक्त चालण्याचा व्यायाम करता असे लिहिले आहे, त्यात स्नायूंना वजन पेलायला लावणाऱ्या व्यायामाची भर घाला आणि महिन्यातून एकदा कमरेचा घेर मोजा. भारतीय स्त्रियांसाठी तो ८० सेंटीमीटरांच्या आत असावा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे एक ब्रिटिश सहकारी यांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३ होता, तरी सहकाऱ्यांच्या शरीरात चरबी सुमारे ९ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात सुमारे २१ टक्के होती, हे २००४ मध्ये "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेले उदाहरण आपणा सर्वांना लागू पडते. वजन स्थिर असताना घेर कमी होत असेल तर तुमचे व्यवस्थित चालले आहे.

प्रश्न : माझे पती ५७ वर्षांचे आहेत. चार महिन्यांत त्यांचे वजन ७१ वरून ६४ किलोंवर आले. पथ्य काहीच केलेले नाही. सगळे त्यांचे कौतुक करतात. त्यांना लवकर थकवा येतो आणि संध्याकाळी थोडा खोकला असतो. काळजीचे कारण आहे का? (कुर्ला)

उत्तर : आहे, आणि तुमचे पत्र मला या चारांत सर्वांत तातडीचे वाटते. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन घटले तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे. तुमच्या पतींचे जवळपास १० टक्के घटले आहे, तेही चार महिन्यांत. अनियंत्रित मधुमेह, क्षयरोग, थायरॉइडची अतिक्रिया, पोटाचे आजार, नैराश्य आणि कर्करोग या सर्वांची शक्यता तपासावी लागते. त्यांना तहान फार लागते का, रात्री लघवीला उठावे लागते का, संध्याकाळी कणकण येते का, रात्री घामाने कपडे भिजतात का, हे त्यांना विचारून लिहून ठेवा, कारण दवाखान्यात पुरुष मंडळी "तसे काही नाही" म्हणून मोकळी होतात.

रक्तातील साखर आणि तीन महिन्यांची सरासरी, थायरॉइड, संपूर्ण रक्तगणना व छातीचा एक्स-रे या तपासण्या याच आठवड्यात करा. खोकला दोन आठवड्यांहून अधिक काळ असेल तर थुंकीची तपासणीही हवी. ती महापालिकेच्या दवाखान्यात विनामूल्य होते आणि क्षयरोग निघालाच तर औषधेही विनामूल्य मिळतात. पहिल्या फेरीत काही आढळले नाही आणि वजन उतरतच राहिले, तर पुढील तपासण्यांसाठी पुन्हा डॉक्टरांकडे जायचे आहे. निदान होईपर्यंत त्यांना पोटभर जेवू द्या आणि दर आठवड्याला एकाच काट्यावर केलेल्या वजनाची नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवा.