कपडेपट : काळा झगा, लाल आलवण

नाटकातल्या आणि घरातल्या कपड्यांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात कोल्हापुरातल्या हौशी नाट्यसंस्थांचा कपडेपट सांभाळणाऱ्या मावशी.

प्रश्न : मावशी, आमचा कॉलेजचा ग्रुप एका विलायती गोष्टीवरून एकांकिका बसवतोय. काळ साधारण १८७०, नायिका लंडनमधली तरुण विधवा. दिग्दर्शक म्हणतो, काळ्या सॅटीनचा झगा शिवू, लाइटमध्ये भारी दिसेल. मूळ गोष्टीत मात्र तिच्या अंगावर ‘क्रेप’ आहे. आपल्याकडे क्रेपच्या साड्या मिळतात, तेच का हे कापड?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : लाइटमध्ये भारी दिसेल म्हणूनच सॅटीन बाद, असं दिग्दर्शकाला माझ्या नावानं सांग. त्या काळच्या इंग्लंडात नव्या विधवेनं अंगावर चमकणारं काही घालायचं नाही, हा सगळ्यात कडक नियम. गुळगुळीत रेशीमसुद्धा चालत नसे. तो नियम पाळता यावा म्हणून मुद्दाम बनवलेलं कापड म्हणजे हे शोकाचं क्रेप.

मजा अशी की तेही रेशीमच. कोशातून निघालेल्या धाग्यावर डिंकासारखा चिकट थर असतो. पैठणीसाठी रेशीम घेतात तेव्हा तो थर साबणाच्या पाण्यात उकळून काढलेला असतो, तेव्हा कुठं झळाळी येते. क्रेप विणताना तो काढतच नसत. तसल्या कच्च्या, पीळदार धाग्याचं जाळीसारखं विरळ कापड विणायचं आणि नक्षी कोरलेल्या तापलेल्या रुळांखालून दाबून काढायचं. कापडावर कायमच्या सुरकुत्या उमटायच्या. वर काळा रंग आणि कडकपणासाठी खळ. हाताला खरखरीत लागायचं आणि उजेडाला दाद द्यायचं नाही.

आजच्या क्रेपच्या साडीत सुरकुती येते ती धाग्याच्या पिळातून. एक धागा उजव्या पिळाचा, दुसरा डाव्या. पाण्यातून काढला की दोन्ही आकसतात. ते कापड मऊ असतं, अंगावर छान पडतं, लग्नात गुलाबी रंगातसुद्धा नेसतात. तेव्हा दोघं चुलत भावंडं म्हण, पण स्वभाव एकदम वेगळे.

हे काळं क्रेप म्हटलं की इंग्लंडात एकच नाव पुढं यायचं, कोर्टोल्ड. सॅम्युअल कोर्टोल्डनं १८१६च्या सुमाराला एसेक्स परगण्यात धंदा सुरू केला. बॉकिंग, हॉल्स्टेड या गावांत त्याच्या गिरण्या होत्या आणि कामाला बहुतेक बायका आणि पोरी. सुरकुत्या पाडायची कृती मात्र बाहेर जाऊ देत नसत. पुढं १४ डिसेंबर १८६१ला व्हिक्टोरिया राणीचा नवरा, प्रिन्स अल्बर्ट वारला. त्यानंतर २२ जानेवारी १९०१ला स्वतः मरेपर्यंत राणीनं काळं सोडलं नाही. राणी असं वागते म्हटल्यावर पैसेवाल्या घरांतून मागं कोण राहणार? लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर तर १८४१पासून ‘जे’ नावाच्या माणसाचं फक्त सुतकाच्या कपड्यांचं भलंमोठं दुकान होतं. त्यात सुतक फिटल्यावर क्रेप घरात ठेवणं अशुभ, अशी समजूत. म्हणजे पुढच्या मयताला पुन्हा नवीन घ्यायचं. व्यापाऱ्याला आणखी काय पाहिजे!

आता तुमच्या कामाचं. नवरा वारून किती महिने झालेत, ते लेखकाला आधी विचारा. त्यावर सगळा पोशाख ठरतो. पहिलं एक वर्ष आणि एक दिवस पुरतं सुतक. आत बाँबझीनसारख्या बिनचमकीच्या कापडाचा झगा आणि त्यावर जवळजवळ सगळीकडे क्रेप. बाँबझीन म्हणजे उभा धागा रेशमाचा, आडवा लोकरीचा. नंतर क्रेप कमी कमी करत न्यायचं, मग साधं काळं रेशीम, आणि शेवटी राखाडी, फिकट जांभळा असे रंग. सगळं मिळून दोन-अडीच वर्षं. तुमच्या एकांकिकेत काळ पुढं सरकत असेल तर संवाद लिहायला नको. दुसऱ्या प्रवेशात झग्यावरचं क्रेप उतरवा. बाप्यांना काय, टोपीला नाहीतर दंडाला एक काळी पट्टी बांधली की झालं. आपल्याकडे काळ्या फिती लावून काम करतात, १ नोव्हेंबरला बेळगावात काळा दिन पाळतात, ती रीत तिकडची. नाहीतर आपल्याकडे काळी चंद्रकळा नव्या सुनेला संक्रांतीला हौसेनं घेतात आणि वर हलव्याचे दागिने घालतात. तुमच्या प्रेक्षकांत बसलेल्या आज्या झगा काळा आहे म्हणून हळहळणार नाहीत. तो निस्तेज आणि जड दिसला तरच त्यांना काहीतरी वाटेल.

नटीनं एक ध्यानात ठेवायचं : खऱ्या क्रेपला पाण्याचं वावडं. पावसाचा थेंब पडला की डाग पडायचा, सुरकुती बसायची आणि काळा रंग गळ्यावर, गालावर उतरायचा. तो कातडीवरून कसा घालवायचा याचे उपाय तेव्हाच्या घरगुती सल्ल्याच्या पुस्तकांत असत. तोंडावरून क्रेपचा पडदा घ्यायचा, त्यानं डोळे आणि कातडी बिघडते अशी डॉक्टरांची तक्रार होती. तेव्हा तुमच्या नायिकेनं पडद्यानं डोळे पुसू नयेत. पडदा बोटांनी वर धरून आतून रुमाल घालावा. एवढ्या एका हालचालीनं काम होतं, तालमीत करून बघा.

कापड कुठलं घ्यायचं? अंगाच्या झग्याला काळं कॉटन ट्विल, तिरप्या रेघेचं. टेरिकॉटचं सूटिंग नको, ते लाइटखाली निळसर चमकतं. क्रेपसाठी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात काळं पॉलिस्टर जॉर्जेट घ्या, ४४ इंची पन्न्याचं. मुद्दाम पॉलिस्टर म्हणते, कारण ते वाफेवर घडी धरतं. कापड ओलं करून दोघींनी दोन टोकं धरायची, दोरासारखा पीळ द्यायचा, त्याचं वेटोळं करून सुतळीनं बांधायचं आणि मोदकपात्रात वीस-पंचवीस मिनिटं वाफवायचं. पूर्ण गार होऊन सुकेपर्यंत सोडायचं नाही. घाई केली की सुरकुती गेलीच म्हणून समजा. सुटल्यावर इस्त्रीपासून लांब ठेवा. हे तुकडे झग्याच्या खालच्या घेरावर रुंद पट्टे करून टाचा, उरलेल्याचा पडदा होईल. मनगटाला पांढऱ्या मलमलीचे कफ आणि डोक्यावर पांढरी टोपी द्या, तरुण विधवेला ती होतीच. दागिन्यांत फक्त काळे मणी. आणि १८७० म्हणजे पिंपासारखा गोल घेर जाऊन फुगवटा मागं सरकायचे दिवस, तेव्हा घेर मागच्या बाजूला जास्त घ्या. त्याच साली ३० नोव्हेंबरला आपले कोल्हापूरचे राजाराम महाराज विलायतेहून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले. साल ध्यानात ठेवायला ही खूण बरी.

झग्याला अस्तर व्हिस्कोसचं लावलंत तर तेही त्याच घराण्यातलं निघेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला क्रेपचा खप उतरत चालला, पहिल्या महायुद्धात इतकी माणसं गेली की घरोघरी एवढं सुतक पाळणं परवडेना. त्याआधीच, १९०४ साली, कोर्टोल्ड कंपनीनं व्हिस्कोसचे इंग्लंडपुरते हक्क विकत घेऊन नकली रेशमाच्या धंद्यात उडी मारली होती. तिनं पुढं पैसा केला तो त्याच्यावर. १९०४ म्हणजे इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला ते साल. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण कापडवाल्यांना अशा तारखा पाठ असतात.

प्रश्न : माझ्या आजीच्या आत्या लाल आलवण नेसायच्या, असं आजी सांगायची. लाल तर सौभाग्याचा रंग. नाटकांत विधवा पांढऱ्या लुगड्यात दाखवतात. खरं काय?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : दोन्ही खरं आहे, घर कुठलं ते बघावं लागतं. केशवपन केलेली ब्राह्मण घरातली बाई असेल तर आलवण. पांढरं इतर बऱ्याच घरांत. कित्येक जातींत तर पाट लावायची, म्हणजे विधवेचं पुन्हा लग्न लावायची रीत होती, तिथं जन्मभर एकाच रंगात राहायचा प्रश्न नव्हता. नुसत्या लाल रंगानं सौभाग्य ठरत नाही. ते हिरव्या चुड्यात, कुंकवात, जरीच्या काठात, खणाच्या चोळीत असतं. आलवणात यातलं काहीच नाही. जाडंभरडं सुती कापड, रंग मळक्या विटेसारखा, चोळी नाही, पदर डोक्यावरून घट्ट. ही बाई कोण आहे हे माजघरात न जाता बाहेरूनच कळावं, याच्यासाठी ते होतं. माझ्या मते विलायती क्रेपपेक्षा हे क्रूर, कारण तिथं अडीच वर्षांच्या आत राखाडी घालायला मिळायचं. इथं तशी तारीखच नव्हती.

कपडेपटात आलवण करायचं तर भडक लाल आणू नका. आपल्याकडे पूर्वी सुताला लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळांचा देत, तुरटी घालून पक्का करत. तो काळपट असे. अलिझरिन हा लाल रंग जर्मनीत १८६८ साली प्रयोगशाळेत तयार झाला, तिथून लाल स्वस्त आणि झगझगीत झाला. मी मरून मांजरपाट आणते, चहाच्या पाण्यात बुडवते आणि दगडावर आपटून आपटून धुते. नटीला आतून अंगाच्या रंगाचा ब्लाउज द्या, नाहीतर ती सगळा वेळ पदरच सांभाळत बसते.

शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. मे २०२२ मध्ये आपल्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. मधे शंभरावर वर्षं गेली. दुखवट्याला माहेरहून साडी येते, ती अजून कित्येक घरांत फिक्कटच निवडतात. दुकानात कुणी सांगत नाही, हात आपोआप तिकडे जातो. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी भावानं आणलेली फिकी साडी परत पाठवून मोरपंखी मागवली. तिची चर्चा गल्लीत लई दिवस झाली.

प्रश्न : काळे कपडे दोन धुण्यांतच विटतात. मीठ घातलं तर रंग टिकतो का?
— एक गृहिणी, जयसिंगपूर

उत्तर : रंगवताना मिठाचा उपयोग होतो, विकत आणलेल्या कपड्याला नंतर मीठ घालून फारसा फरक पडत नाही. उलटा करून गार पाण्यात वेगळा धुवा, भिजत ठेवू नका, सावलीत वाळवा. पहिल्या धुण्याला पाणी काळंशार निघालं तर घाबरू नका, तिसऱ्यालाही तसंच निघालं तर दुकान बदला.