मुलीला व्हायोलिनवादनातच करिअर करायचं आहे. ग्वाल्हेरला राहून जमेल का?

तुमचा प्रश्न असा, की मुलगी १९ वर्षांची, व्हायोलिनमध्ये विशारद झाली, आता मैफलीची कलाकारच व्हायचं म्हणते; तिला इथेच ठेवू की पुण्या-मुंबईला धाडू, आणि दीड लाखाचं व्हायोलिन आत्ताच घेऊन देऊ का.

मी तबलजी. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहतो, शिकवण्या करतो आणि इथल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांच्या साथीला बसतो. गज, म्हणजे व्हायोलिन वाजवायची काडी, कसा धरावा हे मला विचारू नका. पण गज धरणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते शेजारी बसून बरंच बघितलंय.

विशारद झाली हे उत्तमच. पण परीक्षेत परीक्षक दहा-पंधरा मिनिटांत पुढचा राग विचारतात. मैफलीत एकच राग पाऊण तास मांडायचा असतो आणि तिथे पोरं उघडी पडतात. आलाप सुरेख होतो, मग विलंबित, म्हणजे संथ लयीतला भाग, सुरू झालं की पाच-सात मिनिटांत सामान संपतं आणि द्रुतकडे, जलद लयीकडे, धाव. द्रुतात टाळ्या हमखास, त्यात आम्हा तबलजींचाही हात असतो म्हणा. मला शेजारून दिसतं ते असं: ज्याला बंदिश, म्हणजे रागातली बांधलेली रचना, गाता येते तो तिचा मुखडा (सुरुवातीचा तुकडा) उचलून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, अलगद येतो, आणि ज्याला येत नाही त्याचे ओठ हलत असतात, मात्रा मोजत.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. तिला ख्यालाची, म्हणजे रागदारी गाण्याची, रीतसर तालीम द्या, आणि गवयांच्या मागे बसून साथ करू द्या. सोलो त्यातून उभा राहतो. ही काही माझ्या मनची गोष्ट नाही. गजाननबुवा जोशी व्हायोलिन वाजवायचे आणि तितकेच मोठे गवई होते. तालीम वडिलांची, अंतुबुवांची, म्हणजे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडून आलेली ग्वाल्हेर घराण्याची. एन. राजम मूळ दक्षिणेकडच्या, कर्नाटक संगीतात तयार झालेल्या. त्यांनी ओंकारनाथ ठाकुरांकडे ख्याल घेतला आणि तो गळ्यातला ख्याल तारेवर आणला. ओंकारनाथजी विष्णू दिगंबर पलुसकरबुवांचे शिष्य, पलुसकर पुन्हा बाळकृष्णबुवांचे. म्हणजे व्हायोलिनच्या गायकी अंगाचा, गाण्यासारखं वाजवण्याचा, माग काढत गेलात तर तुम्ही फिरून आपल्याच गावात येता. मग मुलीला सरसकट बाहेर धाडायची घाई कशाला?

इथे काय आहे, तर १९१४ चं शंकर गांधर्व महाविद्यालय, १९१८ चं माधव संगीत महाविद्यालय आणि २००८ पासून राजा मानसिंह तोमर विद्यापीठ. पदवी तिथून होऊ द्या. पुढे महाविद्यालयात शिकवण्याची नोकरी करायची झाली तर पदव्युत्तर आणि नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, सहसा लागते. पण विद्यापीठाच्या तासांवर वादक तयार होत नाही, गुरूकडे रोजचं बसणं हवं. तिचे आत्ताचे व्हायोलिनचे गुरुजी स्वतः मैफली करत असतील तर राहू द्या. नसतील तर पुणे-मुंबई असं गाव ठरवू नका. आधी माणूस ठरवा, तो जिथे असेल तिथे जा. गाण्याची तालीम मात्र आजपासून इथेच सुरू करता येईल. आपल्याकडे त्याला काय तोटा?

साथीचं म्हणाल तर ख्यालाच्या मागे आता बहुतेक पेटीच असते. आकाशवाणीवर १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला बंदी होती, तो काळ गेला. तरी गणेशोत्सवातले नाट्यगीतांचे कार्यक्रम, घरगुती बैठका, भक्तिसंगीत, तिथे व्हायोलिनवाला हवाच असतो आणि चांगला मिळत नाही. बिदागी थोडीच, पण हातात येते. शिवाय गवयाने घेतलेली सुरांची जागा झेलायची, तो थांबला की थांबायचं, हे दुसरीकडे कुठे शिकणार?

पैशाचं सरळ सांगतो. नुसत्या सोलोवर घर चालवणारे फार थोडे. राजमबाई बनारस हिंदू विद्यापीठात शिकवत होत्या, व्ही. जी. जोग, ज्यांची बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरची जुगलबंदी आजही ऐकतात, ते आकाशवाणीत होते. मोठ्यांचंही असं, तर आपण शिकवण्या घेण्यात कमीपणा का मानायचा! केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची युवा कलाकारांची शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयासाठी, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. त्यासाठी यंदाच अर्ज करा. आकाशवाणीची ऑडिशनही द्यायला लावा. बी ग्रेड, म्हणजे पहिल्या पायरीची श्रेणी, मिळाली तरी आयोजकाला सांगायला काहीतरी होतं. संगीत नाटक अकादमीचा बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार चाळिशीपर्यंत देतात, यावरून या क्षेत्रात तरुणपण किती लांबतं ते ओळखा. पंचविशीत नाव झालं नाही म्हणून घरात कुणी बोलता कामा नये, विशेषतः लग्नाचा विषय काढणाऱ्या आत्या-मावश्यांनी.

तानसेन समारोह, म्हणजे इथला मोठा संगीत महोत्सव, सगळ्यांच्याच डोक्यात असतो. २०२४ मध्ये त्याचं शंभरावं वर्ष झालं. ते व्यासपीठ मिळेल तेव्हा मिळेल. तोवर तिला श्रोत्यांत बसवा, सकाळच्या सभेलाही. आणि थंडीत वाजवायची सवय करा. मागे एका हिवाळी कार्यक्रमात एक व्हायोलिन वाजवणारी मुलगी ग्रीनरूममध्ये खोबरेलाची डबी मुठीत दाबून बसली होती. मींडेला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, बोट सरकावं म्हणून टिपूसभर तेल लावतात, आणि इथल्या डिसेंबरात ते गोठून दगड होतं. स्टेजवर तबला मिळवून झाला, तिने आलाप सुरू केला आणि वरची तार उतरली. ती थांबली नाही, माझ्याकडे बघितलं नाही. खालच्या षड्जावर गज लांब ठेवून डाव्या हाताने खुंटी पिळली, तार जागेवर आली, आलाप पुढे. समोरच्या निम्म्या लोकांना कळलंही नसेल. ती मुलगी आज बऱ्यापैकी कार्यक्रम करते.

राहिलं दीड लाखाचं व्हायोलिन. ते आत्ता नको. आहे त्याच्या गजाचे केस बदलून आणा, घोडी, म्हणजे तारा पेलणारी लाकडी पट्टी, जाणकाराकडून नीट बसवून घ्या, तारांचा चांगला संच घाला. एवढ्यानेच आवाज किती सुटतो ते बघा. नवीन वाद्य पुढे गुरूच निवडून देतील, आणि त्यांची निवड दीड लाखाचीच असेल असं काही नाही.