वाचकांचे प्रश्न: बाप्तिस्म्यानंतरही राग का सुटत नाही?

प्रश्न: बाप्तिस्मा घेऊन काही वर्षे झाली, प्रार्थना आणि शास्त्रवाचन नियमित आहे. तरीही घरात पत्नीवर, मुलांवर राग निघतो आणि माझे तारण (पापापासून सुटका) खरे की नाही, अशी शंका येते. कायमचा विजय कसा मिळेल?

उत्तर: या शंकेने खचून जाऊ नका. जे करू नये तेच हातून घडते, असे प्रेषित पौलाने बायबलमधील रोमकरांस पत्राच्या 7 व्या अध्यायात कळवळून लिहिले आहे, आणि 8 व्या अध्यायातील त्याची सुटका पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने होते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला असला तरी प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता, हे कित्येक वर्षांनी उमगल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. एवढ्या विदुषीला जिथे थांबावे लागले, तिथे आपण अडलात यात नवल नाही. केवळ निर्धाराने राग गिळत बसू नका. कठोर शब्द तोंडातून गेलाच, तर रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेची वाट न पाहता त्याच घटकेला देवाजवळ पाप कबूल करा, आणि लगेच स्वयंपाकघरात जाऊन, मुलांच्या देखत, पत्नीची क्षमा मागा. हे दुसरे पाऊलच बहुतेकांना जड जाते. योहानाच्या पहिल्या पत्रातील क्षमेचे आणि शुद्धीचे अभिवचन (1:9) विश्वासणाऱ्यांनाच दिलेले आहे. त्यावर रोज नव्याने विसंबा.