बाबांना गप्प कसं बसवायचं? घरातल्या रोल-प्लेइंग गेमबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. मित्राकडे डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळून आला आणि आता घरी सगळ्यांनी खेळायचं म्हणून मागे लागलाय. नियमांचं पुस्तक बघूनच दडपण आलं. त्यात वीस बाजूंचे फासे पाहिजेत म्हणे, आणि सासूबाई म्हणतात घरात फासे नकोत, महाभारत विसरलात का!
— एक आई, ठाणे

उत्तर: आधी सासूबाई. त्यांना सांगा की यात पणाला काहीच लावायचं नसतं आणि समोर शकुनीही नाही, सगळे एकाच बाजूने खेळतात. एक जण डीएम होतो म्हणजे गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतंय ते बोलून सांगतात, बास. जिथे जमेल की नाही अशी शंका आहे तिथेच फासा टाकायचा. आणि भीती वाटणाऱ्या त्या एकट्याच नाहीत बरं का, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा गेम १९७४ मध्ये अमेरिकेत आला आणि १९८० च्या दशकात तिकडच्या आईबापांना वाटायला लागलं की आपली पोरं सैतानाच्या नादी लागणार. तसं काही झालं नाही, पोरं मोठी झाली आणि आता स्वतःच्या पोरांबरोबर खेळतायत.

पुस्तक अख्खं वाचू नका, खरंच. मूळ गणित एवढंच आहे: वीस बाजूंचा फासा टाका, त्यात पात्राच्या त्या गुणाचा बोनस मिळवा, डीएमने ठरवलेला आकडा गाठला की काम झालं. समजा भिंतीवरून उडी मारायचीय, अवघडपणा १५, आणि पात्राचा बोनस ३, तर फाशावर १२ किंवा जास्त पाहिजे म्हणजे ४५ टक्के चान्स. फासे विकत घ्यायचीही घाई नको, एका डब्यात १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या टाका, एक काढा, परत टाका. फक्त लुडोचे तीन फासे एकदम टाकून बेरीज करू नका, कारण मग १० आणि ११ च सारखे येतात आणि २० कधी येतच नाही, आणि २० आल्यावर जो आरडाओरडा होतो तीच तर मजा आहे. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट आहेत, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही.

डीएम मुलालाच करा. खेळून तो आलाय, तुम्ही नाही. आणि तेही जड वाटलं तर पहिल्या रविवारी हनी हाइस्ट खेळा. ग्रँट हॉविट यांचा हा एका पानाचा गेम आहे, सगळे खेळाडू अस्वलं आणि मध चोरायचाय. दोनच गुण, अस्वलपणा आणि चोरपणा, दोन्ही ३ पासून सुरू. लुडोचा एक फासा टाकायचा, गुणाएवढा किंवा कमी आला की जमलं. प्लॅन फसला की चोरपणातला एक अस्वलपणात जातो, तो ६ झाला की अस्वल पिसाळतं आणि त्याचा खेळ संपतो. सासूबाईसुद्धा खेळतील बघा.

प्रश्न: आम्ही चौघं खेळतो, पण नवरा प्रत्येकाला सांगतो तू इकडे जा, तू बाण मार, तू आत्ता जादू वापरू नको. ९ वर्षांची लेक मध्येच उठून गेली. तो म्हणतो मी फक्त मदत करतोय.
— नाशिकहून

उत्तर: या सदराला येणाऱ्या पत्रांत हीच तक्रार सगळ्यात जास्त असते. नियम अवघड म्हणून घरातला खेळ क्वचितच बंद पडतो, तो बंद पडतो मोठ्या माणसाला बरोबर उत्तर आधी सुचतं म्हणून. (आयासुद्धा करतात हे, फक्त बाबांना बोलून सोडून देऊ नका.)

त्याला समजावत बसू नका, पात्र बदला. पुढच्या वेळी त्याला बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा द्या, तोही बुद्धी फक्त ६ असलेला मठ्ठ, म्हणजे विचार करायच्या प्रत्येक फाशातून २ वजा, आणि नियम असा करा की जे बोलायचं ते त्या पात्राच्या तोंडून आणि ते पात्र तिथे हजर असेल तरच. तो एकटाच खाली गुहेत आणि लेक वर किल्ल्यात असेल तर सल्ला देणार कुठून? दुसरं म्हणजे डीएमने लेकीला गुपचूप एक चिठ्ठी द्यायची, तिच्या चेटकिणीलाच दाराचा मंत्र माहितीये. आता बाबांना तिला विचारावं लागेल आणि तिने लगेच सांगितलं नाही तर उत्तमच.

डीएम जो कोण असेल त्याने तिला पात्राच्या नावाने विचारायचं आणि मग थांबायचं. खरंच थांबायचं, मनात दहा मोजायचे. मुलं विचार करतात तेव्हा गप्प असतात आणि आपल्याला ती शांतता सहन होत नाही म्हणून आपण तोंड घालतो. तिने गॉब्लिनशी, म्हणजे गोष्टीतल्या छोट्या राक्षसाशी लढायच्या ऐवजी त्याला लाडू द्यायचं ठरवलं तर खाऊ दे ना गॉब्लिनला. फासा कमी पडला तर नुसतं 'नाही जमलं' म्हणू नका, लाडू आवडला पण आता तो आणखी मागत मागेमागे यायला लागला असं करा. चूक केल्यावर गोष्ट पुढे सरकते हे एकदा कळलं की ती उठून जाणार नाही.

प्रश्न: मोठा १४ चा, धाकटी ६ ची. त्याला राक्षस कापायचेत, तिला रात्री भीती वाटते. एकत्र जमेल का?
— पुण्यातले बाबा

उत्तर: जमेल, पण तिच्या वेळात. अर्धा तास झाला की तिचं संपलं, मग ती जाऊन खेळेल आणि मोठा पुढे चालू ठेवेल. तिला पूर्ण कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राचे सगळे गुण आणि आकडे लिहिलेला कागद नको, त्याच्या योद्ध्याबरोबरचा बोलणारा लांडगा वगैरे करा, करता येण्यासारख्या तीन गोष्टी चित्र काढून द्या. राक्षस हरले की पळून जातात, मरत नाहीत. टेबलावर मधोमध फुली काढलेलं एक कार्ड ठेवा, एक्स-कार्ड म्हणतात त्याला, जॉन स्टाव्हरोपुलोस यांची कल्पना. कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा आणि का म्हणून विचारायचं नाही. हे 'का विचारायचं नाही' दादाला आधी नीट सांगा, नाहीतर तो घाबरट म्हणणार आणि कार्डाचा काही उपयोग नाही. तिने पहिल्या दिवशी उगाच पाच वेळा हात लावला तरी चालवून घ्या, कार्ड खरंच चालतं का ते बघतेय ती.

प्रश्न: भाचरं न्यू जर्सीत आहेत, त्यांना घेऊन खेळता येईल का?
— डोंबिवलीची मावशी

उत्तर: हो. आपली रविवार संध्याकाळ ७ म्हणजे त्यांची उन्हाळ्यात सकाळी साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. साधा व्हिडिओ कॉल पुरतो, नकाशा हवाच असेल तर रोल ट्वेंटी नावाची साइट आहे. फासे ज्याने त्याने आपापल्या घरी टाकायचे आणि आकडा खरा मानायचा. भाचा सारखं २० च सांगायला लागला तर फासा कॅमेऱ्यासमोर टाकायला लावा.